भाड्याने घर मिळतंय, गाडीला जागा मिळत नाहीये (कोथरूड / कर्वेनगर / वारजे)

लिंबूसरबत | शनि, रात्री ११:१८

नमस्कार मंडळी. गेले पाच शनिवार-रविवार घरं बघतेय आणि आता डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढला. आधी असा धागा असेल तर सांगा, मला शोधून सापडला नाही.

आम्ही राहतो त्या घरमालकांच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्यामुळे महिनाअखेर घर सोडायचंय. टू बीएचके हवंय, कोथरूड-कर्वेनगर-वारजे या पट्ट्यातच, कारण मुलीची शाळा कर्वेनगरात आणि नवऱ्याची कंपनीची बस वारज्याच्या पुलापाशी थांबते. बजेट मेंटेनन्स धरून ३० हजार. सासूबाईंचे गुडघे गेलेत म्हणून लिफ्ट नाहीतर पहिला मजला. हे सगळं मिळतंय हो! मिळत नाहीये ते पार्किंग. एर्टिगा आहे आणि एक अ‍ॅक्टिव्हा.

प्रत्येक ब्रोकरला फोनवर पहिलं हेच विचारते आणि प्रत्येक जण तेच म्हणतो, "आहे ना मॅडम, पार्किंगचा काही इश्यूच नाही." मग जाऊन बघावं तर काय तऱ्हा!

पहिलं घर कोथरूडात, तीन मजली जुनी बिल्डिंग, घर एवढं सुंदर की बाल्कनीतून आंब्याचं झाड हाताला लागतं, सासूबाई तर तिथेच बसल्या. पार्किंग म्हणजे गेटपासून जिन्यापर्यंतची बोळ. घरं सोळा आणि बोळात गाड्या मावतात सात. आधी येईल त्याची जागा. "आठच्या आत आलात तर मिळतंच" म्हणे. कंपनीची बस आठच्या आत कुठल्या पुण्यात येते ते मला सांगा.

दुसरं वारज्याला, नवा टॉवर, तिथे मशीनचं पार्किंग, बटण दाबलं की पाळण्यासारखी गाडी वर जाते. मुलगी जाम खूश. त्या लोखंडी ट्रेवर पाटी होती, कमाल उंची १५५० मिमी. एर्टिगा १६९० आहे. ब्रोकर म्हणाला "हवा थोडी कमी ठेवा टायरमधली." मी हसले पण तो सिरियसली म्हणत होता.

तिसऱ्याची गोष्ट रडवणारी. कर्वेनगर, सगळं जमलं, २८ हजार भाडं, एक लाख डिपॉझिट, मालक बेंगळुरूला. पार्किंग खाली कव्हर्ड, नंबर घातलेला, ब्रोकरने दाखवलं, मी फोटोसुद्धा काढला. पाच हजार टोकन दिलं. दोन दिवसांनी सोसायटीच्या ऑफिसात गेलो तर सेक्रेटरी म्हणतात ती जागा तीन वर्षं दुसरेच एक सभासद वापरतात, ती त्या फ्लॅटची नाहीच. मालकांना फोन लावला तर ते म्हणाले "अरेच्चा, मी २०१९ नंतर तिकडे आलोच नाही." टोकन परत मिळायला अकरा दिवस आणि वीसेक फोन.

तर प्रश्न असा की घर बघताना पार्किंगचं नेमकं काय काय विचारायचं? आणि कुणाच्या माहितीत या भागात काही असेल तर प्लीज सांगा.

—

मोगरा_२१ | शनि, रात्री ११:४१

अगं हवा कमी करा 😂😂 ब्रोकरचे पाय कुठेत!

एक प्रश्न वाढव तुझ्या यादीत: गाडी एकटी उभी राहते का कुणाच्या मागे? आमच्याकडे मागेपुढे पार्किंग आहे. आत आमची, बाहेर शेजारच्या काकांची. ब्रोकरने हे "टू कार पार्किंग" म्हणून सांगितलं होतं, ते खरंच होतं म्हणा, दुसरी कार आमची नव्हती एवढंच. काकांची किल्ली मीटरच्या फळीमागे खिळ्याला अडकवलेली असते. सकाळी सहाला नवऱ्याला एअरपोर्टला सोडायचं असेल तर आधी काकांची गाडी काढ, रस्त्यावर लाव, आमची काढ, काकांची परत आत घाल, किल्ली खिळ्याला. हे सगळं गाऊनवर ओढणी घेऊन. आता मला त्यांच्या गाडीचा क्लच माझ्या गाडीपेक्षा चांगला कळतो. काकूंना वाटतं मी त्यांच्या गाडीतलं पेट्रोल संपवते.

—

भटक्या_एमएच१४ | रवि, सकाळी ७:५५

त्या पट्ट्याचा हट्ट का? वाकड, पिंपळे सौदागर, रावेत बघा. नव्या सोसायट्या, प्रत्येक फ्लॅटला नंबरचं पार्किंग, दोन-दोन बेसमेंट. कोथरूडात ज्या काळी बिल्डिंगा झाल्या त्या काळी लोकांकडे बजाज स्कूटर होती हो, त्या हिशेबानेच जागा सोडलीय. आता त्यात एसयूव्ही कोंबायला गेलात तर काय होणार.

—

लिंबूसरबत | रवि, सकाळी ८:२०

@भटक्या, शाळा. मुलगी सातवीत आहे, शाळा बदलायची नाही. बाकी तुमचं म्हणणं पटतंय.

@मोगरा, गाऊनवर ओढणी 🙏🙏 हा प्रश्न यादीत लिहिला.

—

खडूस_काका | रवि, सकाळी ९:०२

मी नऊ वर्षं सोसायटीचा सेक्रेटरी आहे (राजीनामा चार वेळा दिला, कुणी घेत नाही). तिसऱ्या घराच्या बाबतीत त्या सेक्रेटरीला शिव्या घालण्याआधी थोडं ऐका.

पार्किंग "फ्लॅटचं" असतं हा लोकांचा समज आहे. आदर्श उपविधी (सोसायट्यांची सरकारी नमुना नियमावली) वाचा, जागा सोसायटीच्या मालकीची, सभासदाला ती वापरायला वाटून दिलेली असते. तीही गाडी असेल त्याला. जागा कमी आणि गाड्या जास्त असतील तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकून वाटायच्या असंही त्यात आहे. वाटून मिळालेली जागा विकायचा किंवा परस्पर दुसऱ्याला द्यायचा हक्क सभासदाला नाही. आता तुमचे मालक बेंगळुरूला, त्यांची इथे गाडी नाही, जागा २०१९ पासून रिकामी, आणि वरच्या मजल्यावरचा माणूस रोज रस्त्यावर गाडी लावतोय. कमिटी काय करणार? जागा त्याला देणार. मालकाला पत्र गेलं असणार, त्याने उघडलं नसणार.

"मी बिल्डरला पार्किंगचे वेगळे दोन लाख दिलेत" हे वाक्य मी महिन्यातून एकदा ऐकतो. दहिसरच्या एका सोसायटीच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने २०१० सालीच सांगितलंय की उघडी किंवा स्टिल्टची (बिल्डिंगखालची, खांबांमधली) जागा बिल्डरला फ्लॅटसारखी सुटी विकता येत नाही. रेरा (बिल्डरांवरचा कायदा) आल्यावर कव्हर्ड पार्किंगचं जरा वेगळं झालं, पण उघडी जागा विकता येत नाही ती नाहीच. २०२४ मध्ये महारेराने (त्या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने) बिल्डरांना हेही सांगितलं की पार्किंगचा नंबर, लांबी, रुंदी, उंची सगळं विक्रीच्या करारालाच जोडा. ते नव्या प्रोजेक्टना. जुन्या बिल्डिंगांमध्ये पावती, आठवण आणि दादागिरी यावरच चालतं.

सार काय, तर मालकाला विचारू नका, ब्रोकरला तर नाहीच नाही. सोसायटीच्या ऑफिसात विचारा: या फ्लॅटच्या नावावर आज कुठली जागा वाटलेली आहे, आणि ती भाडेकरूला वापरू देता का. टोकनच्या आधी विचारा.

—

नाव_काय_ठेवू | रवि, सकाळी ९:३०

काका भाडेकरूला "वापरू देता का" हा प्रश्नच मला खटकतो. मालक मेंटेनन्स भरतो, वर नॉन ऑक्युपन्सी चार्जेस (स्वतः न राहता घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी घेते ते) भरतो, ते शेवटी आमच्याच भाड्यातून वसूल होतात. आणि आम्हाला मात्र गेटवर "रेंटल आहे का? गाडी बाहेर." आमच्या आधीच्या सोसायटीत तर पाहुण्यांच्या गाडीला जागा होती, भाडेकरूच्या नाही. माझा सख्खा भाऊ आला की त्याची गाडी आत आणि माझी बाहेर!

—

खडूस_काका | रवि, सकाळी ९:४८

नॉन ऑक्युपन्सी सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, २००१ पासूनचा सरकारी आदेश आहे. आमच्याकडे तो आकडा महिन्याला दोनशेच्या आत येतो. त्या दोनशे रुपयांत पार्किंगचा हक्क येत नाही हो. पण भाडेकरू म्हणून सरसकट गाडी बाहेर हेही चूक, मान्य. सभासदाची स्वतःची वाटलेली जागा असेल आणि तो सोसायटीला लेखी कळवत असेल की आता ही माझा भाडेकरू वापरेल, तर आमची कमिटी स्टिकर देते. भांडण कुठे होतं माहितीये? एका फ्लॅटमध्ये चार मुलं राहतात, चार बुलेट आणि एक थार, आणि मालक फोन उचलत नाही.

—

पेठेतला | रवि, दुपारी १२:१०

सदाशिव पेठेत राहतो. पार्किंग हा शब्द आम्ही फक्त पी१ पी२ च्या (सम-विषम तारखेला रस्त्याची कुठली बाजू ते सांगणाऱ्या) पाटीवर वाचतो. आज तारीख सम आहे का विषम हे आमच्याकडे पंचांगात नाही, रस्त्यावर बघतात.

गाडी मी दोन गल्ल्या सोडून एका वाड्याच्या आवारात लावतो, महिना दीड हजार. वाड्याचा दरवाजा रात्री साडेदहाला बंद होतो. सिनेमाचा शेवटचा शो आम्ही सहा वर्षांत पाहिलेला नाही. घर मात्र आजोबांपासूनचं, भाडं सांगितलं तर इथले लोक मला ब्लॉक करतील.

—

मोगरा_२१ | रवि, दुपारी १२:२५

@पेठेतला सांगाच

—

पेठेतला | रवि, दुपारी १२:२६

नाही.

—

हिशेबी | रवि, दुपारी २:४०

लिंबूसरबत, काका म्हणाले ते सगळं बरोबर, पण ते सगळं झाल्यावर कागदावर उतरलं नाही तर उपयोग शून्य. मी गेल्या सात वर्षांत चार घरं बदलली, त्यातून शिकलेलं लिहितो.

लिव्ह अँड लायसन्सच्या (भाडेकराराच्या) मसुद्यात मिळकतीचं वर्णन असतं, फ्लॅट नंबर, मजला, क्षेत्रफळ, सर्व्हे नंबर वगैरे. तिथेच पार्किंगचा नंबर टाकायला लावा. एजंट म्हणतो "त्याची गरज नसते," तरी टाकायला लावा. "कव्हर्ड पार्किंगसह" एवढंच नको, "स्टिल्टमधील जागा क्र. अमुक, एक चारचाकी" असं. आणि एक वाक्य वेगळं, की ही जागा वापरायला सोसायटीची हरकत नाही आणि मुदतीत जागा काढून घेतली गेली तर भाडं इतकं कमी होईल. आम्ही दोन हजार लिहिलं होतं. मालकाने तोंड वाकडं केलं पण सही केली. दीड वर्षाने खरंच सोसायटीचं पेंटिंगचं काम निघालं, परांची बांधली, चार महिने गाडी बाहेर, आणि मला चार गुणिले दोन हजार परत मिळाले. त्या वाक्याशिवाय मी नुसता कुरकुरलो असतो.

करार नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे, भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५. नोंदवलेला नसेल आणि वाद झाला तर भाडेकरू जे अटींबद्दल सांगतो ते कोर्ट आधी धरतं, त्यामुळे खरं तर नोंदणीची घाई मालकालाच हवी. आणि खर्च काही फार नाही. तुमचंच २८ हजार आणि एक लाखाचं उदाहरण घ्या, ११ महिन्यांचं भाडं ३ लाख ८ हजार, डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, या बेरजेवर पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, म्हणजे आठशेच्या आसपास. नोंदणी फी शहरात हजार. उरलेले जे दोन-तीन हजार जातात ते एजंटचे, तो घरी येऊन अंगठा घेतो त्याचे. पोलीस व्हेरिफिकेशनही तोच करून देतो, पण पावती मागून घ्या.

—

विजेरी | रवि, दुपारी ३:१५

ईव्ही वाल्यांचे हाल कुणी विचारू नका. मालक हो म्हणाले, सोसायटी हो म्हणाली, पार्किंगचा नंबरसुद्धा करारात. पण आमच्या फ्लॅटचं मीटर ए विंगच्या मीटर रूममध्ये आणि जागा बी विंगच्या टोकाला. केबल ओढायची तर मधे बागेतून, त्याला जनरल बॉडीची परवानगी, जनरल बॉडी सप्टेंबरात. तोवर ऑफिसात चार्ज करतोय. भाड्याने घर घेताना मीटर कुठे आणि जागा कुठे हे पण बघा. तुमची पेट्रोल आहे, सुटलात.

—

सिंहगडरोडकर | रवि, सायं ६:३०

सगळे नंबर आणि कागद बोलतायत, पाण्याचं कुणी बोलत नाहीये. २५ जुलै २०२४ आठवतोय ना? खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि सिंहगड रोडच्या एकतानगरीत पहाटे लोक उठले तर खालच्या गाड्या पाण्यात. माझा मित्र तिथे भाड्याने होता. वरून बाल्कनीतून टॉर्च मारला तर त्याच्या गाडीचं फक्त टप दिसत होतं आणि इंडिकेटर आपोआप उघडझाप करत होते, शॉर्ट झालं असणार. म्हणाला ते बघवत नव्हतं, कुणीतरी मदत मागतंय असं वाटत होतं.

नदीकाठचं किंवा नाल्याकाठचं घर असेल (कर्वेनगर-वारज्यातही आहेत) तर वॉचमनला विचारा, पाणी कुठपर्यंत येतं? भिंतीवर खूण असते. आणि बेसमेंट असेल तर पंप कुठाय, चालू आहे का, त्याला जनरेटरचं कनेक्शन आहे का. वीज गेल्यावर बंद पडणारा पंप म्हणजे शोभेची वस्तू. इन्शुरन्सला इंजिनचं कव्हर वेगळं घ्यावं लागतं, तेही बघून ठेवा.

—

टोक्योचा_तात्या | रवि, रात्री ८:०५

इकडची गंमत सांगतो. जपानात बहुतेक ठिकाणी आधी जागा दाखवा, मग गाडी घ्या. १९६२ पासूनचा कायदा. घरापासून दोन किलोमीटरच्या आत जागा हवी, तिचा नकाशा हाताने काढून, मापं टाकून पोलीस ठाण्यात द्यायचा, ते खात्री करतात आणि मग दाखला. मी माझा नकाशा काढला तेव्हा समोरचं दुकान काढायला विसरलो, परत पाठवलं. घराचा करार वेगळा आणि पार्किंगचा वेगळा, मालकही वेगळा असू शकतो. मी महिना १८ हजार येन देतो, म्हणजे साधारण पेठेतल्या भावांच्या सात वर्षांच्या घरभाड्याइतके असतील 😉

—

पेठेतला | रवि, रात्री ८:११

सात नाही. नऊ.

—

भटक्या_एमएच१४ | रवि, रात्री ८:४०

आपल्याकडेही मंत्री बोलले होते की २०२५ मध्ये. परिवहन मंत्री सरनाईक, मे महिन्यात, पार्किंगचा दाखला नसेल तर नवीन गाडीची नोंदणी नाही म्हणून. माझं मत विचाराल तर कल्पना बरोबर, पण आपल्याकडे दाखला देणारा एजंट दुसऱ्याच दिवशी टेबल मांडून बसेल. एकाच जागेवर चाळीस गाड्यांचे दाखले.

—

खडूस_काका | रवि, रात्री ८:५५

आणि त्यावर सही माझी मागतील.

—

नाव_काय_ठेवू | रवि, रात्री ९:२०

लिंबू, एक गोष्ट मी करते. घर दिवसा बघायचं आणि पार्किंग रात्री. साडेनऊ-दहाला आपलीच गाडी घेऊन जायचं आणि त्या जागेत लावून बघायची, ब्रोकरला न सांगता. दुपारी अकराला सगळी पार्किंगं रिकामीच असतात, सगळे ऑफिसात. वॉचमनला सांगायचं अमुक नंबरचं घर बघतोय, सोडतात. रात्री कळतं खरं काय ते. कुणाची बाईक तुमच्या जागेत तिरकी लागते, खांब कुठे आहे, वळताना मागेपुढे किती वेळा करावं लागतं. मला अशा एका ठिकाणी सात वेळा मागेपुढे करावं लागलं, वरच्या गॅलरीतून एक आजोबा मोजत होते, "अजून थोडं डावीकडे" म्हणून ओरडले. ते घर नाही घेतलं.

—

मोगरा_२१ | रवि, रात्री ९:२२

+१, आणि टेप घेऊन जा. नियमात चारचाकीची जागा अडीच बाय पाच मीटर धरतात, पण जुन्या बिल्डिंगमध्ये दोन खांबांमध्ये जे उरलं ते पार्किंग.

—

लिंबूसरबत | बुध, रात्री १०:५०

सगळ्यांना खूप खूप थँक्यू. उत्तर द्यायला उशीर झाला कारण... घर मिळालंय बहुतेक!!

झालं असं की ब्रोकर सोडले आणि सोमवारी संध्याकाळी मी आणि सासूबाई रिक्षाने शाळेच्या आजूबाजूच्या गल्ल्या फिरलो, प्रत्येक गेटवर वॉचमनला विचारत. सासूबाईंना हे इतकं जमतं, त्या आधी त्यांच्या गावाची चौकशी करतात मग घराची. पाचव्या गेटवरचे मामा बार्शीचे निघाले. म्हणाले ताई पहिल्या मजल्यावरचं पंधरा दिवसांत रिकामं होतंय, पाटी अजून लावलेली नाही. मालक त्याच बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात, त्यांचे दोन फ्लॅट आहेत. तिथेच चहा झाला.

मग काकांनी सांगितल्याप्रमाणे आधी सोसायटीचं ऑफिस. ऑफिस म्हणजे जिन्याखाली एक टेबल आणि गणपतीच्या वर्गणीचा डबा, पण त्यांच्याकडे रजिस्टर आहे! फ्लॅटसमोर जागेचा नंबर लिहिलेला, सही, तारीख. मालकांनी तिथल्या तिथे अर्ज लिहून दिला भाडेकरूला वापरू द्या म्हणून. हिशेबी, तुमचं दोन हजारांचं वाक्य मी वाचून दाखवलं, मालक म्हणाले पंधराशे करा. केलं.

काल रात्री पावणेदहाला गाडी घेऊन गेलो. टेप घरी सापडेना म्हणून सासूबाईंची शिवणकामाची घेतली, ती १५० सेंमीची, त्यामुळे खांबापासून एकदा लावायची, बोट धरून ठेवायचं आणि परत लावायची. मुलगी मोबाइलचा टॉर्च धरून. दोन खांबांमध्ये २४५ सेंमी आलं. एर्टिगा पावणेदोन मीटरला थोडी कमी, म्हणजे दोन्हीकडचं मिळून सत्तर सेंमी उरतात. डावी बाजू खांबाला वीतभर सोडून लावली की ड्रायव्हरचं दार अर्धं उघडतं, नवरा पोट आत घेऊन बाहेर येऊ शकतो (त्याने स्वतः करून दाखवलं, व्हिडिओ आहे, टाकायला मनाई आहे). सासूबाईंना मात्र गेटच्या आत आधी उतरवायला लागेल. त्या म्हणाल्या काही हरकत नाही, मामांशी बोलत बसेन.

मागेपुढे तीन वेळा. कुणी मोजलं नाही. पाण्याचं विचारलं, नदीपासून लांब आहे आणि चढावर आहे, मामा म्हणाले इथे पाणी आलं तर पुणं संपलं. अ‍ॅक्टिव्हाला मात्र ठरलेली जागा नाही, कंपाउंडच्या भिंतीलगत लावायची, सगळेच लावतात.

एकच घोळ आहे. आमच्या जागेच्या मागच्या भिंतीशी समोरच्या काकूंच्या सहा कुंड्या आहेत, तुळस, गवती चहा, अडुळसा वगैरे. गाडी पूर्ण मागे घेतली तर गवती चहा मरतो. मालक म्हणाले सांगतो त्यांना. मी म्हटलं नको, आधी राहायला येऊ दे.

भाडं २७, डिपॉझिट ऐंशी हजार. रजिस्ट्रेशन शनिवारी.

—

खडूस_काका | बुध, रात्री ११:०४

अभिनंदन. रजिस्टर ठेवणारी सोसायटी पुण्यात आहे हे वाचून बरं वाटलं. त्या सेक्रेटरीला माझा नमस्कार सांगा.

कुंड्यांचं लेखी काही करू नका. सर्क्युलर काढलं की सहाच्या बारा होतात, अनुभव आहे.

—

मोगरा_२१ | बुध, रात्री ११:१०

याय!! गवती चहाचं एवढं काय, दार उघडायला जागा नाही तर खिडकीतून हात घालून तोडता येईल, चहाला बरा 😄

तो व्हिडिओ मला पर्सनलवर पाठव.

—

विजेरी | गुरु, सकाळी ९:१५

अभिनंदन. एक लक्षात ठेवा, शनिवारी मसुदा वाचताना जागेचा नंबर रजिस्टरशी ताडून बघा. आमच्याकडे ६ चा ९ झाला होता. ९ वाल्या बाई अजून बोलत नाहीत.

—

नवीन_आलोय | गुरु, सकाळी ११:३०

नमस्कार, पहिलाच प्रतिसाद. धागा सगळा वाचला. मी नांदेडहून आलोय, जॉब कोथरूडलाच लागलाय, पुढच्या महिन्यात आई-बाबा येणार. माझ्याकडे फक्त एक स्प्लेंडर आहे.

लिंबूसरबत ताई, ते आंब्याच्या झाडाचं पहिलं घर अजून रिकामं असेल का?

—

लिंबूसरबत | गुरु, दुपारी १:०५

रविवारपर्यंत तरी होतं! व्यनि केलाय, मालकांचा नंबर त्यात आहे, ब्रोकर नको मधे. बोळीतून स्प्लेंडर आरामात जाईल. आंबे जिन्याच्या बाजूच्या फांदीला जास्त लागतात असं खालच्या आजी म्हणाल्या होत्या, तेवढं बघून घे.